पेट्रोल गोल्फ कार्टची बॅटरी: उतरलीय, मेलीय, की दोष भलतीकडेच आहे?

किल्ली फिरवली, पेडल दाबलं, आणि सीटखालून नुसता 'टक्' आवाज आला. परत दाबलं, परत 'टक्'. अशा वेळी निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली! मीही तेच केलं होतं. नवी बॅटरी आणून बसवली, कार्ट झोकात सुरू झाली, आणि काही महिन्यांत पुन्हा तोच 'टक्'. दुसरी नवी बॅटरी आणली, तीही तशीच बसली. तेव्हा कुठे मीटर हातात घेतला आणि कळलं की दोन्ही बॅटऱ्यांचा काही गुन्हा नव्हता. दोष होता एका वीतभर केबलमध्ये. त्याची गोष्ट पुढे येईलच.

तुमची अशी फेरी वाचावी म्हणून हे लिहितोय. बॅटरी बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. खरं काम त्याआधीचं, म्हणजे ती बदलायची गरज आहे का आणि ती का मेली हे शोधण्याचं.

१. आधी आपली गाडी ओळखा

अमेरिकी मॅन्युअलांत या गाडीला 'गॅस' कार्ट म्हणतात. हा गॅस म्हणजे गॅसोलीन, आपलं पेट्रोल. सिलिंडरशी संबंध नाही. बॅटरीवर धावणाऱ्या कार्टमध्ये सीटखाली सहसा ६, ८ किंवा १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग असते आणि त्यांची बेरीज ३६ किंवा ४८ व्होल्ट होते. पेट्रोल कार्टमध्ये १२ व्होल्टची एकच बॅटरी असते, मोटारगाडीसारखी. तिचं मुख्य काम इंजिन फिरवणं. दिवे, हॉर्न आणि रिव्हर्सचा बझर हे वरचं काम.

पेट्रोल कार्टमध्येही दोन जाती आहेत. एकीत किल्लीने सेल्फ मारायचा आणि इंजिन सुरूच राहतं. दुसरीत, आणि जुन्या कार्टांत हीच जास्त, किल्ली नुसती 'ऑन' करायची. ॲक्सिलरेटर दाबला की पेडलजवळचा मायक्रोस्विच लागतो, सोलेनॉइड (बॅटरीचा मोठा प्रवाह जोडणारा विजेवरचा स्विच) 'टक्' करतो आणि इंजिन फिरतं. पाय उचलला की इंजिन बंद. म्हणजे थांबत थांबत जाताना प्रत्येक थांब्यागणिक एक स्टार्ट! मोटारगाडीची बॅटरी दिवसात चार-पाच वेळा राबते, तेवढे स्टार्ट ही कार्ट दहा मिनिटांत मागते.

या कार्टांत सेल्फ आणि जनरेटर मिळून एकच यंत्र असतं, स्टार्टर-जनरेटर. पट्ट्याने ते इंजिनाला जोडलेलं असतं. सुरू होताना बॅटरी त्याला फिरवते, तो इंजिनाला फिरवतो. इंजिन चालू झालं की इंजिन त्याला फिरवतं आणि तो बॅटरी भरतो. पण भरण्यासाठी त्याला बऱ्यापैकी फेरे लागतात. पन्नास-शंभर मीटर सावकाश जाऊन थांबणारी कार्ट बॅटरीतून जितकं काढते तितकं परत टाकत नाही. दिवे लावून रांगत जायची सवय असेल तर बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते, आणि एक दिवस 'टक्'.

२. लागणारं सामान

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल, पण डीसी व्होल्ट दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा हवा.
- १२ व्होल्टचा चार्जर. शक्यतो स्वतःहून बंद होणारा.
- रिंग पाने. काही कार्टांना मिलिमीटरचे नट असतात, काहींना इंचातले. पाना सैल बसत असेल तर दुसऱ्या मापाचा घ्या. शिशाचं टर्मिनल मऊ असतं आणि जोराने बिघडतं.
- तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, पाणी, जुना टूथब्रश.
- हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) आणि डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीला उघडणारी बुचं असतील तर.
- चष्मा आणि रबरी हातमोजे. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. अंगठी आणि पाना मिळून पॉझिटिव्हपासून लोखंडी चौकटीपर्यंत पूल झाला, तर अंगठी क्षणात लाल होते.
- मागची चाकं उचलायला जॅक आणि घोड्या, पुढच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे.
- पेडलवर पाय ठेवायला एक माणूस. शक्यतो सांगितलं तेवढंच करणारा.

३. आधी कान आणि डोळे

मीटरला हात लावण्याआधी हेडलाइट लावा आणि पेडल दाबून दिव्यांकडे बघा.

दिवे एकदम मंदावले किंवा विझलेच, तर बॅटरी उतरलीय किंवा तिच्या जोडण्या खराब आहेत. 'कट-कट-कट-कट' असा भराभर आवाज आला तरी तेच: सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढला जातो. दिवे तसेच लख्ख राहिले आणि एकच जाड 'टक्' आला, तर बॅटरीवरचा संशय कमी करा. सोलेनॉइडच्या आतले संपर्क जळलेत, स्टार्टर-जनरेटरचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा मधली केबल गेलीय. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर फ्यूज, किल्लीचा स्विच, मायक्रोस्विच किंवा सोलेनॉइडची कॉइल. यात नवी बॅटरी घालून काहीही होणार नाही.

आता सीट उचला. बॅटरीची भिंत फुगलीय का? तळाशी ओल आहे का? टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचलीय का? केबलचा लग, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, हाताने हलवून बघा. किंचितही हलला तर तिथेच आधी थांबा, साफ करा, घट्ट करा आणि पुन्हा पेडल दाबून बघा. बऱ्याचदा गोष्ट इथेच मिटते. बॅटरी फुगली किंवा तडकली असेल तर पुढच्या चाचण्या नकोत. ती चार्जही करू नका, थेट बदला.

बुचं उघडत असतील तर आत डोकावा. डोकावायला टॉर्च वापरा, लायटर नाही. हे सांगावं लागतं. चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं तरी ठिणगी पुरते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आता घाला. बाकीचं पाणी चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ते वर चढतं आणि आम्ल बाहेर सांडतं.

४. बॅटरी आरामात असताना मीटर लावा

कार्ट नुकतीच चालवली किंवा चार्जरवरून काढली असेल तर बॅटरी खोटं बोलते. तिच्या प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर तिचं कौतुक करतो. काही तास पडू द्या. तेवढा धीर नसेल तर दोन-तीन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि मग मोजा.

मीटर डीसी व्होल्टवर. लाल काडी पॉझिटिव्हवर, काळी निगेटिव्हवर. काडी केबलच्या लगवर नाही, थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा.

- १२.६ किंवा वर: भरलेली
- १२.४: साधारण पाऊण
- १२.२: अर्धी
- १२.०: पाव
- ११.९ च्या खाली: उतरलेली

हे आकडे साध्या, पाणी घालायच्या बॅटरीचे. एजीएम प्रकारची (आम्ल काचेच्या तंतूंत शोषलेली, पाणी न घालायची) भरलेली बॅटरी १२.८ किंवा थोडं वर दाखवते, त्यामुळे तिच्यासाठी १२.४ म्हणजे काळजीची गोष्ट.

एक आकडा वेगळा लक्षात ठेवा: १०.५ च्या आसपास. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. रात्रभर चार्ज करूनही मीटर १०.५ वरच अडकला असेल तर एक सेल आतून शॉर्ट झालाय. तिला कितीही वेळ चार्जरवर ठेवा, ती उठणार नाही.

५. पूर्ण चार्ज केल्याशिवाय निकाल देऊ नका

उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी. उपाशी माणसाला पोतं उचलायला लावून 'हा अशक्त आहे' म्हणण्यात अर्थ नाही. आधी जेवू घाला.

चार्जरचा प्रवाह बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या (क्षमतेच्या आकड्याच्या) एक दशांशाच्या आसपास ठेवा. म्हणजे ४० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ४ अँपिअर. पूर्ण उतरली असेल तर सबंध रात्र लागेल. घाईने जास्त प्रवाह दिला तर प्लेटा तापतात. चार्जर लावताना आधी चिमटे बॅटरीला, मग वीज चालू. काढताना उलट: आधी वीज बंद, मग चिमटे. ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी पडू नये एवढाच हेतू.

इथला मोठा सापळा: आवारात विजेवरच्या कार्टही असतील तर त्यांचा ३६ किंवा ४८ व्होल्टचा चार्जर चुकूनही या बॅटरीला लावू नका. 'गोल्फ कार्टचाच तर चार्जर आहे' म्हणून लावला जातो आणि बॅटरी उकळते, फुटूही शकते.

चार्ज झाल्यावर काही तास पडू द्या आणि पुन्हा मोजा. १२.६ दाखवून दुसऱ्या दिवशी, केबल काढलेल्या अवस्थेतही, १२.२ वर आली तर ती चार्ज धरत नाहीये. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे बसतात, तेवढा भाग कामातून जातो.

बुचं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर हे मीटरपेक्षा प्रामाणिक साधन आहे. एकेका सेलमधून आम्ल ओढा, नळी डोळ्यासमोर सरळ धरा, तरंगणारा काटा भिंतीला चिकटलेला नाही हे बघा आणि आकडा लिहा. भरलेल्या सेलचा आकडा १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान येतो. मी एकदा सहा आकडे ओळीने लिहिले: १.२६५, १.२६०, १.२६५, १.२६०, १.१५०, १.२६५. पाचव्याने सगळं सांगून टाकलं. सेलांमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर बॅटरी बदलायची. झाकणावरच्या हिरव्या 'डोळ्यावर' मात्र विसंबू नका. तो एकाच सेलमध्ये डोकावतो. बाकीच्या पाचांत काय चाललंय हे त्याला माहीत नसतं.

६. भार पडल्यावर काय होतं

आरामात १२.६ दाखवणारी बॅटरीही कामाला लावली की कोसळू शकते. म्हणून ही चाचणी चुकवू नका.

पण आधी सुरक्षितता. पेडलवर सुरू होणारी कार्ट ही इंजिन सुरू होताच चालायला लागणारी कार्ट आहे, आणि बऱ्याच कार्टांत ॲक्सिलरेटर दाबताच पार्किंग ब्रेक आपोआप सुटतो. तुम्ही सीटखाली वाकलेले आणि कार्ट पुढे निघाली, असं होऊ शकतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागची चाकं उचलून घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर नाही. काही कार्टांत सर्व्हिससाठी न्यूट्रल लॉक दिलेला असतो. तो असेल तर मॅन्युअल वाचून वापरा. फिरणाऱ्या चाकांपासून, पट्ट्यांपासून हात, ओढणी, लोंबती बाही लांब. बंद जागेत इंजिन चालवू नका.

आता मीटरच्या काड्या बॅटरीच्या खुंटांवर धरा आणि साथीदाराला पेडल दाबायला सांगा. इंजिन फिरत असताना आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी ठीक. ९.६ च्या खाली गेला, आणि बॅटरी पूर्ण भरलेली होती, तर ती थकलीय. मीटरवर 'किमान' आकडा धरून ठेवायची सोय असेल तर ती वापरा, कारण ही झुकांडी डोळ्याला सापडायच्या आत होऊन जाते.

दुकानदाराकडे लोड टेस्टर असेल तर बॅटरी तिथे नेऊन तपासून घ्या. बॅटरीवर लिहिलेल्या सीसीएच्या (थंडीत इंजिन फिरवताना देता येणाऱ्या अँपिअरच्या) निम्म्या भाराने १५ सेकंद, आणि २१ अंश सेल्सियसच्या आसपास व्होल्टेज ९.६ च्या वर टिकलं पाहिजे. न भरलेली बॅटरी घेऊन जाऊ नका. नापास होणार आणि नवी तुमच्या हातात पडणार.

७. केबल: माझ्या दोन बॅटऱ्या खाणारी

हा भाग सगळे गाळतात. मीही गाळला होता.

बॅटरीचा प्रवाह पॉझिटिव्ह केबलमधून सोलेनॉइडला, तिथून स्टार्टर-जनरेटरला, त्याच्या अंगातून चौकटीला आणि निगेटिव्ह केबलमधून परत बॅटरीला येतो. या वाटेत कुठेही गंज असेल तर तिथे व्होल्टेज खाल्लं जातं. ते मोजायची युक्ती अशी: मीटर व्होल्टवरच ठेवा आणि दोन्ही काड्या एकाच केबलच्या दोन टोकांना लावा. कार्ट शांत असताना शून्य दिसेल. साथीदाराने पेडल दाबलं की जो आकडा येतो, तेवढं व्होल्टेज ती केबल गिळतेय. एका केबलला ०.२ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट म्हणजे दोष.

माझ्या कार्टमध्ये पॉझिटिव्ह बाजू स्वच्छ निघाली. मग एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी स्टार्टर-जनरेटरच्या लोखंडी अंगावर, रंग खरवडून. पेडल दाबलं: १.४ व्होल्ट! केबल वरून नवी कोरी वाटत होती. चौकटीवरचा बोल्ट काढला, लगच्या मागचं काळं प्लास्टिक ब्लेडने चिरलं, आणि आतून तांब्याऐवजी हिरवी भुकटी गळली. शंभरेक तारांपैकी जेमतेम दहा-बारा शाबूत होत्या. त्यामुळे इंजिन फिरताना तर जोर कमी पडायचाच, शिवाय जनरेटर जे परत पाठवायचा तेही बॅटरीपर्यंत पुरतं पोचत नव्हतं. नव्या बॅटऱ्या उपाशी मरत होत्या. केबल बदलली आणि तिसरी बॅटरी अजून चालू आहे.

सोलेनॉइडही असाच मोजा. त्याच्या दोन जाड खुंटांवर काड्या लावा आणि पेडल दाबा. न दाबता बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दिसेल, दाबल्यावर ते जवळजवळ शून्यावर यायला हवं. 'टक्' वाजूनही तिथे व्होल्ट-दोन व्होल्ट राहत असतील तर आतले संपर्क जळलेत.

८. बॅटरी भरली जातेय का

मागची चाकं उचललेलीच ठेवा. इंजिन चालू करून पेडल धरा, म्हणजे फेरे वाढतील. बॅटरीच्या खुंटांवर साधारण १३.८ ते १४.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. मंद गतीला आकडा कमी येईल, ते धरू नका.

१२.४ वरच राहिला किंवा हळूहळू उतरत गेला, तर चार्जिंग नाही. आधी पट्टा बघा. सैल पट्टा स्टार्ट करताना किंचाळतो आणि चार्ज करताना गुपचूप घसरतो. मग कार्बन ब्रश, वायरी, रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग). उलट १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरीचं पाणी उकळून उडवतोय. वारंवार पाणी कमी होणाऱ्या बॅटरीमागे हे कारण असतं. हा दोष ठेवून नवी बॅटरी बसवली तर तीही तशीच जाणार.

९. उभ्या कार्टची गळती

कार्ट चालवताना ठीक, आठवडाभर उभी ठेवली की बसलेली. असं असेल तर किल्ली बंद असतानाही काहीतरी प्रवाह पितंय. बहुतेक वेळा ते कारखान्यातलं नसतं, नंतर कुणीतरी जोडलेलं असतं: मोबाइल चार्जर, रेडिओ, सीटखालची दिव्यांची पट्टी, सरळ बॅटरीवर टोचलेली.

निगेटिव्ह केबल काढा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून एक काडी खुंटावर आणि दुसरी काढलेल्या केबलवर ठेवा. मीटर असा जोडलेला असताना पेडल दाबायचं नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. साध्या जुन्या कार्टमध्ये आकडा शून्याच्या जवळ हवा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढून बघा, आकडा कुठे पडतो ते. १०० मिलिअँपिअर ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दिवसाचे २.४ अँपिअर-अवर होतात. ३० अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याच्या आत निम्मी!

काम संपल्यावर मीटरची लाल वायर परत व्होल्टच्या खाचेत टाका. ती अँपिअरच्या खाचेत विसरून बॅटरीवर व्होल्ट मोजायला जाणं ही माझी जुनी खोड. त्यात दोन फ्यूज गेलेत.

१०. नवी बॅटरी निवडताना

जुन्या बॅटरीचा फोटो घेऊन जा आणि या गोष्टी जुळवा: लांबी-रुंदी-उंची, खुंटांचा प्रकार (वरचे गोल, बोल्टचे की बाजूचे), आणि पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला आहे ते. शेवटची गोष्ट फार जण विसरतात. उलट बाजूची बॅटरी आणली की केबल पुरत नाही, मग ती ताणून, कडेवर घासत कशीबशी जोडली जाते. उंचीही बघा. जास्त उंच बॅटरीचा खुंट सीटच्या लोखंडी तळाला टेकला, तर कुणी बसताक्षणी शॉर्ट होईल.

सीसीए मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा किंवा थोडा जास्त. जास्त सीसीएने स्टार्टर जळत नाही. तो लागेल तेवढाच प्रवाह घेतो. विजेवरच्या कार्टची डीप-सायकल बॅटरी इथे नको, ती सावकाश देत राहण्यासाठी बनवलेली असते. इथे हवी स्टार्टिंग बॅटरी. खूप दिवे आणि रेडिओ जोडले असतील तर दोन्ही कामांची मिळते ती घ्या.

उत्पादनाची तारीख बघूनच पैसे द्या. बऱ्याच कंपन्या ती अक्षर आणि अंकात छापतात: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, पुढचा अंक वर्षाचा शेवटचा. दुकानात सहा-आठ महिने चार्ज न होता पडलेली बॅटरी 'नवी' असली तरी म्हातारी असते. मीटर बरोबर न्या. तिथेच लावला तर कुणी रागावत नाही, आणि रागावलं तर दुसरं दुकान.

११. काढणं आणि बसवणं

१) किल्ली बंद करून खिशात. दिवे बंद. ब्रेक लावा, चाकांना ठोकळे.

२) केबलांचा फोटो काढा. पॉझिटिव्हवर दोन-तीन बारीक वायरीही असतात, त्या मागाहून कुठे होत्या ते आठवत नाही. रंगावर विश्वास ठेवू नका, आधीच्या मालकाने हाताला आली ती वायर लावलेली असते. बॅटरीवरचं अधिक-उणे चिन्ह बघा.

३) आधी निगेटिव्ह सोडवा. चौकट निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चौकटीला लागला आणि निगेटिव्ह अजून जोडलेली असेल, तर तो पाना वेल्डिंगच्या कांडीसारखा पेटतो. निगेटिव्ह काढून कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, मगच पॉझिटिव्ह.

४) लग अडकला तर हातोडीने ठोकू नका. नट पुरता सैल करून हळूहळू पिळत वर काढा.

५) पकड-पट्टी सोडा आणि बॅटरी सरळ उचला. तिरकी केली तर आम्ल अंगावर. कपड्यावरचा थेंब तेव्हा दिसत नाही. धुतल्यावर तिथे भोक दिसतं.

६) खालचा ट्रे सोड्याच्या पाण्याने धुवा. फसफस थांबेपर्यंत घासा, मग साध्या पाण्याने. हे पाणी जुन्या बॅटरीच्या उघड्या बुचांत जाऊ देऊ नका. ट्रे गंजला असेल तर आत्ताच खरवडून रंग द्या, नंतर कुणी देत नाही.

७) लग आतून-बाहेरून ब्रशने चकचकीत करा. चौकटीवरची अर्थिंगची जागाही, रंग निघून लोखंड दिसेपर्यंत.

८) नवी बॅटरी ठेवा, पकड-पट्टी आवळा. बॅटरी हाताने हलता कामा नये, पण तिची भिंतही दबता कामा नये. धक्क्यांनी प्लेटा तुटतात, त्यामुळे सैल पट्टी म्हणजे कमी आयुष्य. वाफ बाहेर नेणारी बारीक नळी असेल तर ती परत जोडा.

९) आता आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. जोडण्याआधी चिन्हं एकदा बोट ठेवून मोठ्याने म्हणा. उलटं जोडलं तर फ्यूज, रेग्युलेटर, आणि इंधन इंजेक्शनची कार्ट असेल तर तिचा कंट्रोलरही जाऊ शकतो. जुन्या स्टार्टर-जनरेटरच्या लोखंडात उरलेलं चुंबकत्वही उलटतं, मग तो नीट चार्ज करत नाही.

१०) जोडण्या घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात. आधी नाही. पॉझिटिव्हवर रबरी टोपी.

आम्ल डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं डोळा उघडा धरा आणि सरळ डॉक्टरकडे. डोळ्यात सोडा घालायचा नाही.

१२. बसवल्यावर लगेच

नवी म्हणून चार्जिंग टाळू नका. एक रात्र चार्जरवर ठेवून पूर्ण भरा. मग तिन्ही मोजमापं पुन्हा घ्या: आरामातलं, सेल्फ मारतानाचं आणि इंजिन चालू असतानाचं. हे तीन आकडे आणि तारीख मार्करने सीटच्या खालच्या बाजूला लिहून ठेवा. माझ्या सीटखाली १२.७, १०.८, १४.२ असं लिहिलंय. पुढे कधी कार्ट कुरकुरली की ताजे आकडे शेजारी लिहायचे. कुठला घसरला ते बघितलं की शोध तिथूनच सुरू होतो.

कार्ट महिनाभर उभी राहणार असेल तर पूर्ण भरून निगेटिव्ह सोडवून ठेवा आणि महिन्याला एकदा चार्ज करा. थंडी असेल तर हे जास्तच गरजेचं: उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं, लवकर गोठतं आणि भिंत फोडतं. गोठलेली बॅटरी चार्जरला लावू नका.

जुनी बॅटरी शिशाने आणि आम्लाने भरलेली आहे. ती कचऱ्यात टाकायची नाही, कोपऱ्यात आडवी पाडून ठेवायची नाही आणि आम्ल गटारात ओतायचं नाही. बुचं लावून, उभी, प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवून, ज्या दुकानातून नवी आणली तिथेच द्या. जुनं शिसं वितळवून पुन्हा वापरलं जातं, त्यामुळे विक्रेते ती घेतात. फक्त देण्याआधी पकड-पट्टीचे नट तिच्या डोक्यावर ठेवले नाहीत ना, हे बघून घ्या. माझे तसे गेले होते.